अजून औषध न झालेला अर्क

तानूरकर सरांना मी प्रथम पाहिले ते आदिलाबादच्या आमच्या महाविद्यालयामागे, शिरीषाच्या झाडाखाली. मुधोळहून वनस्पतिशास्त्र शिकायला आलेली मी कार्यालय शोधत होते. सरांनी वाट दाखवली आणि हातातला सालीचा तुकडा पुढे केला. "चावून पाय, पोरी. तुरट हाय ना? यातलं नेमकं काय दम्याले आवरते, तेच शोधून राह्यलो आमी." त्या 'आमी'मध्ये मी कधी सामील झाले, कळलेच नाही.

सरांच्या पत्नी सुमनकाकूंचे माहेर भैंशाचे, घर जिनिंगला लागून. कापसाच्या धुळीने लहानपणीच त्यांना दमा जडला होता. म्हणून प्रयोगशाळेत हिस्टामिन या श्वासनळी आकसवणाऱ्या रसायनाने आवळलेली प्राण्याच्या श्वासनळीची पट्टी आमच्या सालीच्या अर्काने सैल पडली, तेव्हा सरांनी ती पट्टी पुन्हा एकदा तपासली. नंतर सगळ्यांना चहा पाजला.

त्याच हंगामात काकूंचा दमा उसळला. मी सरांच्या घरी गेले होते. बाजेवर दोन्ही हात टेकून, शब्दाशब्दाला थांबत काकू म्हणाल्या, "अर्क तुमच्यापाशी हाय, अन् मी हे इनहेलर ओढून राह्यली. मले काऊन देत नाही?"

"ते अजून औषध नाही, सुमन. परक्या बाईले देणार नाही, ते तुले कसं देऊ?"

काकूंनी तोंड फिरवले. सरांनी त्यांची पाठ धरून पुन्हा इनहेलर दिले आणि रिक्षा बोलावून दवाखान्यात नेले.

काही महिन्यांनी पुढच्या चाचणीत दिसले, की तोच अर्क यकृताच्या पेशी मारतो. सर म्हणाले, "फसलं ते बी पुरतं छापू. चुकीच्या वाटेवरची दुसऱ्याची पायपीट तरी वाचंल." काकूंना कळले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "बरं झालं, माह्यं ऐकलं नाही तुमी." सरांना मात्र हसता आले नाही.

पुढे मला हैदराबादला संशोधनाची संधी मिळाली, पण घरचे पाठवायला तयार होईनात. तेव्हा सर बसने मुधोळला आले, दिवसभर वडिलांशी पिकापाण्याच्या गप्पा मारत बसले आणि उठताना एवढेच म्हणाले, "पोरीले जाऊ द्या, दादा." वडिलांना नाही म्हणता आले नाही.

आज हैदराबादला तेच दम्याचे औषध शोधताना माझ्याभोवती मोठी यंत्रे आहेत. पण साल उकळत असतानाचा तो तुरट वास आणि मधल्या सुट्टीत सरांच्या डब्यातली काकूंची ज्वारीची भाकर यांसाठी जीव तुटतो. गेल्या वर्षी काकू गेल्या. तरीही सर फोन करतात आणि विचारतात, "लागलं का काई हाती?" मी म्हणते, "अजून नाही, सर." मग ते म्हणतात, "घाई करू नको."

पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. आणि त्यांना इतके आयुष्य लाभो, की एकदा तरी त्या प्रश्नाला मला 'हो' म्हणता यावे.