खड्यांची बाटली

राज्य नवं होतं आणि रायपुरात पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढून घेणं ही मिरवायची गोष्ट झाली होती. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी तर आपले खडे बाटलीत भरून शोकेसमध्ये मांडले होते. म्हणून ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच आई मला म्हणाली, "माहे खडे मले दाखव."

मी डॉक्टरांना गाठलं. छोटीशी छिद्रं, दोन दिवसांत घरी, असं काल हसत सांगणारा हा माणूस आज माझ्याकडे बघेना. खडे त्यांनी दिलेच नाहीत. औषधाच्या पाण्यात बुडवलेली अख्खी पिशवी डब्यातून माझ्या हातात ठेवली आणि ती बायोप्सीसाठी आजच लॅबमध्ये द्यायला सांगितलं.

"सगळ्यांचीच पाठवता का?" मी चिडून विचारलं.

"भेजते तो सबकी हैं, भैया. पर इसकी दीवार हाथ को सख्त लगी."

मी लॅबमधून परतलो तेव्हा काकू आईच्या उशाशी बसल्या होत्या. आईच्या खड्यांसाठी त्यांनी घरून एक बाटली आणली होती, स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून.

"दिले का?" आईने विचारलं.

"उद्या देतील," मी म्हणालो.