वर गेलेले हात

वाटी रिकामी परत देऊ नये, म्हणून काल तीत शिरा घालून मी शेजारच्या अप्पांकडे गेले. बेल वाजवली. अप्पांनी दार उघडलं आणि दोन्ही हात वर केले.

गेल्या महिन्यात कुणीतरी पोलिसांना खोटाच फोन केला, की या घरात बंदूकवाले लपलेत. भरदुपारी दार फोडून पोलीस आत शिरले. "हात वर!" म्हणून ओरडत होते आणि अप्पांना ऐकूच येत नव्हतं. कानाचं यंत्र उशीखाली होतं. ते घ्यायला त्यांनी उशीखाली हात घातला. बंदूक रोखलेला शिपाई क्षणभर थांबला, म्हणून अप्पा आज आहेत. नंतर त्याने आमच्याकडे येऊन एकामागून एक तीन पेले पाणी संपवलं.

आणि फोन करणारा? तो मेला कुठेतरी हसत बसला असेल. चाप दुसऱ्याच्या बोटाने ओढायचा, आपण हात धुऊन मोकळं! अडीअडचणीला कुणीतरी धावून येईल, या भरवशावर आपण दार लावून निजतो. त्याने तो भरवसाच अप्पांच्या अंगावर सोडला.

आता अप्पा झोपेतही यंत्र काढत नाहीत.

"अप्पा, मी आहे. शिरा आणलाय."

त्यांनी आधी माझे हात पाहिले, मग वाटी. मग कुठे त्यांचे हात खाली आले.