मुहूर्तावर लागलेलं लग्न

माझे सासरे तोफखान्यातून निवृत्त झाले आणि नाशिकजवळच्या आपल्या मळ्यात कोथिंबीर नि झेंडू पिकवू लागले. कुणी पराक्रमाचं विचारलं की म्हणायचे, "तोफा दुसरे डागायचे. मी तोफा ओढणारी गाडी चालवायचो." विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा.

एक गोष्ट मात्र त्यांना जन्मभर डाचली. त्यांची वरात इतकी नाचली, की लग्न लागेपर्यंत रजा संपली. हळदीच्या अंगानं ते गाडीत बसले; बायकोचं तोंड नीट पाहिलं ते पुढच्या रजेत. म्हणून नातीला त्यांनी शब्द दिला होता, तुझं लग्न मुहूर्तावर लावीन.

नातीच्या बापाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, नगरसेवकपदाचं तिकीट हवं होतं. त्यामुळे लॉन्सवर नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी, आणि माइकवर मान्यवरांचे शुभाशीर्वाद. एकानं तर वधूवरांना धरणाच्या पाणीवाटपावर सविस्तर आशीर्वाद दिला. तिकीट ज्यांच्या हातात, ते मुख्य साहेब अजून यायचेच होते.

"साहेबांनी चांदवड सोडलंय. पाच मिनिटांत पोचतील," मेहुणा म्हणाला.

"विमानानं येताहेत का?" सासऱ्यांनी विचारलं. "अरे, मुहूर्त टळतोय."

"बाबा, साहेब आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. तुम्ही गप बसा."

आता वेळ काढायला माणूस उरला नव्हता. निवेदकानं ऐंशी वर्षांच्या सासऱ्यांनाच 'सीमेवरचे वीर जवान' म्हणून पुकारलं. मेहुणा खूश झाला. युद्धाची गोष्ट म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. तो साहेबांची वाट पाहायला फाटकावर गेला.

सासऱ्यांनी माइक घेतला. "मी ड्रायव्हर होतो. गाडी वेळेवर सोडायची, एवढंच मला येतं. गुरुजी, धरा." गुरुजींना पुढचं लग्न गाठायचं होतं. माइक हातात पडताच त्यांनी मंगलाष्टकं सुरू केली. मेहुणा मंचावर चढेपर्यंत अक्षता पडून बँड वाजायला लागला होता.

साहेब आले ते थेट जेवणाला. मेहुणा हात जोडून म्हणाला, "माफ करा साहेब, बाबांनी घाई केली."

"उत्तम केलं हो! अजून तीन ठिकाणी माझ्यासाठी खोळंबलेत."

"मग फोन करून सांगा की, लावून टाका म्हणून," सासरे म्हणाले.

साहेबांनी आवाज खाली आणला. "तसं सांगितलं तर उद्या थांबणार कोण, बाबा?"

सासऱ्यांनी त्यांच्या ताटात आणखी एक जिलेबी वाढली आणि नातीला घास भरवायला निघून गेले.