पोलंडच्या तराजूला माहूरचं कुंकू

देगलूरच्या माणसाला विमान पकडायचं असेल तर तो मुंबईकडे नाही, हैदराबादकडे बघतो. सप्टेंबरातल्या एका दुपारी आई, पप्पा आणि मी मामाच्या गाडीतून हैदराबादच्या रस्त्याला लागलो. आमच्या घरातलं कुणी याआधी विमानात बसलं नव्हतं. कॉलेजच्या वर्गातही कुणी बसलं नव्हतं. मी लातूरला बी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमातून मला पोलंडमधल्या एका औषधाच्या दुकानात दोन महिने शिकायला मिळणार होतं.

पप्पांचं देगलूरच्या बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान आहे. माझ्या बॅगेत त्यांनी शिवलेले दोन पांढरे ॲप्रन होते. शिवाय आईने बांधून दिलेले धपाटे, जवसाची चटणी आणि माहूरच्या देवीच्या कुंकवाची एक छोटी डबी. विमानतळाच्या दारात आई रडली. पप्पा मात्र ॲप्रनबद्दलच बोलत राहिले. "वरचं बटण जरा ढिलं हाय माय. दोन टाके जास्त घालायचे राहिले बघ." ते हेच दोनदा म्हणाले, आणि मला कळलं की त्यांना दुसरंच काहीतरी म्हणायचं आहे.

तपासणीच्या रांगेत जवसाच्या चटणीने मला अडवलं. वर्दीतल्या बाईंनी पुडी उघडून वास घेतला, मग माझ्याकडे बघून तेलुगूत विचारलं, कुठली? मी देगलूर म्हणाले. त्या हसल्या, पुडी पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, त्यांची मावशी बोधनला दिलेली आहे. परदेशाच्या वाटेवरची पहिली भेट ही अशी शेजारच्याच गावाची निघाली.

मनात एक इच्छा होती, ती इथेच सांगून ठेवते. कॉलेजात आम्ही पुष्कळ मलमं केली, सिरपं केली. सर यायचे, डबी तिरकी करून बघायचे, गुण द्यायचे आणि बेसिनकडे बोट दाखवायचे. विद्यार्थ्याने केलेलं औषध कुणाला देता येत नाही, हा नियम बरोबरच आहे. तरी माझ्या हातचं सगळं आजवर नळाखालीच गेलं होतं. एकदा तरी माझ्या हातचं औषध एखाद्या माणसापर्यंत पोचावं, एवढंच मला हवं होतं.

वॉर्सात उतरले, तिथून बसने लुब्लिनच्या पुढे एका छोट्या गावात. वाटेत दोन्हीकडे सपाट काळपट शेतं, मध्येच सफरचंदाच्या बागा. डोंगर नाही, उसाचा फड नाही, पण माती बघून मला लातूरजवळच्या औशाकडच्या रानाची आठवण झाली. गार वारा असा की बसमधून उतरल्याबरोबर नाकातून पाणी सुरू झालं.

माझं दुकान चर्चच्या समोर होतं. तिथे औषधाच्या दुकानाला 'आप्तेका' म्हणतात, आणि आत काम करणाऱ्या बाईंना गिऱ्हाईक 'पानी मागिस्तेर' (पदवीधर बाई) अशी हाक मारतात. आपल्याकडे मेडिकलवाल्याला 'ओ भैया' म्हणतात, ते आठवून मला हसू आलं. माझ्या पानी मागिस्तेर म्हणजे बोझेना. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. इंग्रजी सावकाश बोलायच्या, प्रत्येक शब्द तोलून. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या ॲप्रनची शिवण उलटून बघितली आणि कुठल्या कंपनीचा आहे असं विचारलं. वडिलांनी शिवला म्हटल्यावर आपल्या सहकारी बाईंना बोलावून ती शिवण दाखवली. त्या संध्याकाळी मी पप्पांना हे सांगितलं, तर त्यांनी कुठली शिवण, ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "बटण दिसलं न्हाई ना त्यांना?"

त्या दुकानाची एक गोष्ट मला फार आवडली. मागच्या बाजूला एक खोली होती, तिथे डॉक्टरने लिहून दिल्याप्रमाणे मलम हाताने तयार करून देत. आपल्याकडे हे पुस्तकात आणि प्रॅक्टिकलमध्ये उरलंय. तिथे ते रोजचं काम होतं. खल, बत्ता, काचपात्रं, तराजू. मला पोलिश येत नसल्यामुळे काउंटरवर उभं राहता येत नव्हतं, म्हणून माझी जागा या खोलीत. पहिले तीन आठवडे मी भांडी धुतली, चिठ्ठ्या चिकटवल्या, सरावाची मलमं घोटली. सरावाची, म्हणजे तीही टाकूनच द्यायची. बोझेनाबाई मागे उभ्या राहून बघत. एकदा म्हणाल्या, तुमचा हात चांगला फिरतो, कुठे शिकलात? आईचा खलबत्ता आणि शेंगदाण्याचा कूट त्यांना कसा समजावून सांगायचा, ते मला सुचलं नाही.

जेवणाचं म्हणाल तर मी उपाशी राहिले नाही. 'पिएरोगी' म्हणजे आपल्या उकडीच्या करंज्या समजा, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी. 'काशा' नावाच्या दाण्यांचा भात मिळतो, त्यावर मी जवसाची चटणी टाकून खायचे. बोझेनाबाईंनी एकदा चमच्याच्या टोकावर चटणी घेऊन बघितली. डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी ती थुंकली नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत मागितली.

नवरात्र संपत आलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं की एका शेतकऱ्यासाठी हाताच्या भेगांचं मलम करायचं आहे, आणि ते उद्या मी पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं. त्या शेजारी उभ्या राहतील, तपासतील, सही त्यांची. पण हात माझा. मला धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी आवरत असताना पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. दुकानात शिलाई मशीन झेंडूच्या माळेत बसलं होतं, कात्रीला, टेपला, इस्त्रीला हळदकुंकू. आई मागून कुणालातरी पेढे देत होती. पप्पांनी फोन मशीनवरून फिरवला आणि म्हणाले, "तुझं हत्यार काय गं तिकडं?" मी म्हणाले, तराजू आणि खल. "मग पूजा केलीस का न्हाई? का परदेशातल्या तराजूला देव लागत न्हाई?" आई मागून हसली.

मी दुकानात सगळ्यांच्या आधी पोचले. डबी उघडली. तराजूच्या पायाला एक बोट, खलाच्या बाहेरच्या बाजूला एक बोट. हात जोडले. मनापासून जोडले, हे मला आजही सांगावंसं वाटतं. मग हात धुतले आणि कामाला लागले. बोझेनाबाई आल्या, वजनं तपासली, शेजारी उभ्या राहिल्या. मलम सुरेख जमलं होतं, गुठळी नाही, कण नाही. मी डबी भरली. तेवढ्यात त्या चष्मा लावून तराजूशी वाकल्या आणि थांबल्या.

"हे लाल काय आहे?"

मी सांगितलं. सांगता सांगता मलाच कळत गेलं. त्यांनी खल उचलून उलटा केला. बाहेरचं कुंकू अर्धं पुसलं गेलं होतं. कुठे गेलं? हातमोज्यावर, टेबलावर, की आत? डबीतलं मलम अगदी स्वच्छ दिसत होतं. मी तसं म्हणालेसुद्धा, की आत काही दिसत नाही.

"दिसत नाही, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण नाहीच, हे तुम्ही मला सांगू शकता का?"

 त्यांनी डबी माझ्याच हातात दिली आणि कचऱ्याच्या पेटीकडे बघितलं. माझ्या हातचं आणखी एक मलम गेलं, आणि या वेळी ते खरोखर कुणाचंतरी होतं.

तो कुणीतरी बाहेर येऊन बसलाही होता. म्हातारे शेतकरी, खेड्यातून बसने आलेले. बीट काढणीचे दिवस, सुट्टी कुठली. बोझेनाबाई मला म्हणाल्या, "चला, तुम्ही सांगा. मी भाषा सांभाळते."  आता मला परत भांडी धुण्यावर बसवतील, बहुधा कार्यक्रमवाल्यांनाही कळवतील, आणि देगलूरला काय सांगायचं, हे सगळं त्या चार पावलांत डोक्यात येऊन गेलं.

मी "प्शेप्राशाम" (माफ करा) म्हणाले, आणि "युत्रो" (उद्या). पुढचं बाईंनी सांगितलं. आजोबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे हात मांडीवर होते, बोटांच्या पेरांवर काळ्या चिरा. आईच्या टाचा उन्हाळ्यात अशाच होतात. ते काहीतरी बोलले आणि बाई पहिल्यांदा हसल्या.

"ते म्हणतात, हात कुठे पळून जात नाहीत, उद्याही माझेच असतील. आणि विचारतात, तुमच्याकडे शेतात काय होतं?"

सोयाबीन, कापूस, तूर, ऊस. उसाशी आम्ही अडकलो. बाईंना तो शब्द समजावता येईना. मी बांबूसारखा म्हणून हातांनी उंची दाखवली, चघळल्याचं दाखवलं, साखर म्हणाले. आजोबांनी मान हलवली. बांबूची साखर करतात म्हणजे मुलगी थट्टा करते आहे, असं त्यांना वाटलं. मग ते उठले आणि बसला गेले.

संध्याकाळपर्यंत मी भांडीच धुतली. निघताना बाई म्हणाल्या, उद्या तुम्हीच करायचं. आणि मग, कोट घालता घालता, "त्या लाल रंगाने तुम्ही तराजूकडे काय मागितलं?"

काही मागत नाही, मी म्हणाले. वर्षभर साथ दिली, म्हणून त्याचे आभार मानतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी तराजूचं ताट काढलं, पाय पुसले, पातळी बघितली. खल धुतला, स्पिरिटने पुसला, परत धुतला. असं करताना मला पप्पा दिसायला लागले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते दुकान बंद ठेवतात. मशीन पूर्ण उघडतात, कापड सरकवणाऱ्या दातऱ्यांत अडकलेला वर्षाचा धुरळा सुईने काढतात, तेल देतात, मग कोरड्या फडक्याने पुसत बसतात. कुंकवाला कितीसा वेळ लागतो? आणि तेही चाकाकडच्या बाजूला, कापड सरकतं तिथे कधीच नाही. मी इतकी वर्षं दारात उभी राहून फक्त पेढ्याची वाट बघत होते.

मलम झालं. बाईंनी प्रकाशात धरून बघितलं, चिठ्ठी लावली, सही केली. आजोबा आले होते. मला वाटलं बाई डबी घेऊन बाहेर जातील. त्या दारात थांबल्या आणि डबी माझ्यापुढे धरली. "तुम्हीच द्या."

मी दोन्ही हातांनी दिली, प्रसाद देतात तशी. आजोबांनी तिथेच झाकण उघडलं, वास घेतला, थोडं मलम एका पेराला चोळलं आणि बोट वाकवून बघितलं. "दोब्रा माश्च" (चांगलं मलम), ते म्हणाले. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. मातीने भरलेलं एक मोठं पांढरं बीट. बाई म्हणाल्या, "म्हणतात, बांबूची साखर सोडा. साखर यातून निघते, देशात जाऊन सांगा." मी ते खोलीवर नेऊन धुतलं, सोललं, एक फोड तोंडात टाकली. गोड होतं, मागून मातीचा वास. ऊस बरा, पण हे मी त्यांना कळवलं नाही.

त्याच संध्याकाळी बोझेनाबाई मला दुकानाच्या दर्शनी खिडकीपाशी घेऊन गेल्या. तिथे एक जुना पितळी तराजू शोभेला ठेवलेला होता. "हा माझ्या गुरुबाईंचा. आता औषध मोजत नाही. याला लावा." मी आधी फडकं मागून घेतलं. तो घासून चकचकीत केला आणि मग माहूरचं कुंकू लावलं. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत, पण चष्मा काढून हातात घेतला. मी निघाले त्या दिवशीही तो ठिपका तिथेच होता.

नोव्हेंबरात हैदराबादला उतरले. पप्पांनी आधी ॲप्रन मागितला आणि वरचं बटण ओढून बघितलं. आमच्या घरात मला कुणी दाबून ठेवलं नाही, थांबवलं नाही, पप्पा स्वतःला न कळणाऱ्या विषयासाठी मशीन चालवत राहिले. आणि परक्या देशात एका बाईने माझं मलम टाकायला लावलं, पण मला टाकलं नाही. या दोन्हीचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे, हे मला अजून कळत नाही.

लातूरला परतल्यावर पहिल्याच प्रॅक्टिकलला मलमच निघालं. साधंच, व्हॅसलीन आणि लॅनोलिनचं. सरांनी डबी तिरकी केली, गुण दिले, बेसिनकडे बोट केलं. मी विचारलं, सर, माझ्या आईच्या टाचांसाठी नेऊ का? त्यांनी डबी परत हातात घेतली. भांडी कशी धुतली, काय काय घातलं, सगळं विचारलं. मग म्हणाले, "ने. पण चिठ्ठी नीट लाव."

शनिवारी देगलूरला गेले आणि आईच्या हातात डबी दिली. तिने चिठ्ठीवरून बोट फिरवलं, पोरीने केलेलं मलम म्हणून पप्पांना दाखवलं, आणि सरळ जाऊन देवघरात ठेवलं. झाकणावर कुंकवाचं बोट लावलं.

"आई, ते देवाला न्हाई," मी म्हणाले, "टाचेला हाय."

"हाव, ठाऊक हाय मला," ती म्हणाली, आणि डबी तिथेच राहू दिली.

 झाकण घट्ट बंद होतं. सकाळी देवघरापाशी गेले तेव्हा झाकण बाजूला होतं, आणि मलमात दोन बोटं फिरल्याची खूण होती.