पाचवी पिशवी

आमच्या शेजारी एक कारकून राहत; सगळे त्यांना काका म्हणत. डोंगरात मुक्कामाला जाणारी मुलं बेत ठरवायला त्यांच्याकडेच येत. ते पाटावर नकाशा पसरून पाण्याच्या जागी सुपाऱ्या ठेवत आणि हळूच विचारत, "किती जण?" मग एक माणूस जास्त धरून प्रत्येकाचा तांदूळ धामणकर नाक्यावरच्या यंत्रमागावर विणलेल्या कापडाच्या वेगळ्या पिशवीत बांधत. त्यांची गाठ कापल्याशिवाय सुटत नसे.

माझा मुलगा, म्हणजे तुमचे बाबा, कॉलेजात असताना तीन मित्रांबरोबर सहा दिवस आडरानात निघाले.

"काका, आम्ही चौघंच हो! पाचवी पिशवी तुम्ही वाहणार का?" बाबांनी विचारलं.

काका हसले नाहीत. "असू दे. वर कुणी जेवायला बसला, तर नाही म्हणू नका."

 मी शिकलेली, तरी ती पिशवी मीच बाबांच्या सॅकमध्ये ठेवली.

चौघं सुखरूप परतले. काकांनी दारातूनच विचारलं, "त्याला वाढलंत ना?"

"कुणाला? ती पिशवी आम्ही उघडलीसुद्धा नाही," म्हणत बाबांनी ती सॅकमधून काढली. गाठ तशीच होती, कापड कुठे फाटलेलं नव्हतं आणि चाचपून पाहिलं, तर आत दाणाही नव्हता.

काकांनी डोळे मिटले. "घेतलं त्यानं. म्हणून आलात."

तुमच्या ट्रेकचं पत्र मिळालं. तिघं जाताय; तांदूळ चौघांचा घ्या.