मोहफुलाच्या दिवसात ग्रामसभा

नाई, 'लोकायले इचारूनच ठरवलं' हे मले सांगू नका. आज आमच्या गावात कसं इचारलं ते आधी वाचा, मंग बोला.

आमची बोडी म्हणजे गावचा लहान तलाव. तिच्याभोवती सिमेंटची भिंत बांधाची का नाई, हे ठरवाले आज ग्रामसभा होती. सकाळी सात वाजता, ऐन मोहफुलाच्या दिवसात. त्या टायमाले गावातल्या साऱ्या बाया जंगलात मोह वेचत असतात. मी बी मायसंग तिथीच होतो.

टोपले घेऊन परत आलो, तर सतरंज्या गुंडाळून राह्यले होते.

माय ग्रामसेवकाले म्हणाली, "भाऊ, जंगलाचं पाणी उतारानं बोडीत येते. भिंत घातल्यावर कुठून येईन? खालचे धान कशावर जगतीन?"

"बाई, ठराव झाला. तुम्ही आल्या काऊन नाई?"

"सभा कव्हा ठेवली ते पाहा ना."

"सगळ्यायची संमती हाये."

शेजारची काकू म्हणाली, "बाया तर जंगलात होत्या. वाघाची घेतली का मंग?"

सारे हासले. ग्रामसेवक बी हासला अन् गाडीत बसला.

आमचं धान त्याच बोडीवर हाये. दुसरं पाणी नाई.

तुमच्या गावात सभा कव्हा ठेवतात? तुम्ही घरी असता तव्हा, का नसता तव्हा?

उत्तर मंग वाचतो. सभा आज झाली, पण जेसीबी कालपासूनच बोडीजवळ उभा होता. आता चालू झाला. माय टोपलं तसंच टाकून बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसली. मी चाललो.