लीलामावशीची डायरेक्ट लाइन

लीलामावशी काल पास झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला दम धरवत नाहीये. तसंही न्यूझीलंडमधल्या आमच्या अख्ख्या अप्पर हट गावाला कळलंय, तिच्या नवऱ्याने, रमणकाकांनी, बस डेपोतल्या एकेका ड्रायव्हरला थांबवून सांगितलंय. पण ती कशी पास झाली ते फक्त मी बघितलंय, मी शेजारच्या टेबलावर होते, त्यामुळे ते मीच लिहिणार.

मावशी चोपन्न वर्षांची आहे. माझी सख्खी मावशी नाही, आमच्या गल्लीत राहते आणि माझ्याच वर्गात शिकते. पुण्याला भोसरीतल्या एका कारखान्यात ती अठरा वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. दोनशे एक्स्टेंशन्स आणि बाहेरच्या लाइन्स फक्त बारा, कोणाला कधी कुठली द्यायची ते सगळं हिच्या डोक्यात. मग ऑटोमॅटिक मशीन आलं, बोर्ड गेला, नोकरी गेली. काकांना इथे बस मेकॅनिकचं काम मिळालं म्हणून दोघं आली, आणि मावशीने एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत अकरा वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. अकरा वर्षं! पण फोन वाजला की अजूनही तोच आवाज लागतो, ‘नमस्कार, बोला.’ काका म्हणतात, ही मला घरातसुद्धा होल्डवर ठेवते.

दोन वर्षांपूर्वी त्या वृद्धाश्रमाचे फोन बंद पडले. नेटवर्क बघायला जी आली ती निघाली मराठी, स्वरदा तिचं नाव. मावशी चादरी टाकून तिच्या मागे मागे फिरली आणि इतकं विचारत सुटली की शेवटी स्वरदाच म्हणाली, तुम्ही हे शिकत का नाही? झालं, मावशीने वेलिंग्टनला माझ्याच नेटवर्किंगच्या कोर्सला अ‍ॅडमिशन घेतली. तेव्हापासून सकाळच्या ट्रेनमध्ये माझ्या शेजारी ती आणि तिच्या डब्यातली थालीपिठं.

आता स्वरदाच्या कंपनीत हेल्पडेस्कची, म्हणजे फोनवर लोकांच्या अडचणी सोडवायची, एक जागा आहे. तिने साहेबाला सांगून ती महिनाअखेरपर्यंत थांबवून ठेवली होती, पण सर्टिफिकेट हवंच. आणि मावशीचं एकच प्रॅक्टिकल राहिलं होतं, फायरवॉलचं. त्यात ती दोनदा नापास झाली होती. तिसरा चान्स शेवटचा. गेला की अख्खं वर्ष पुन्हा, जागा दुसऱ्याला, आणि ही परत चादरींकडे.

प्रॅक्टिकल काय होतं ते सांगते, अवघड नाहीये. आत एक सर्व्हर आहे, त्यावर एक वेब पान. त्याचा पत्ता फक्त आतल्या लोकांसाठी, बाहेरून कोणी त्या पत्त्यावर येऊच शकत नाही. म्हणून बाहेरच्यांसाठी त्याला दुसरा पत्ता देतात. फायरवॉल म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, तो दारात बसतो. बाहेरच्या पत्त्यावर जे येईल ते त्याच सर्व्हरला द्यायचं, आणि सर्व्हरने काही बाहेर पाठवलं की त्यावर तो बाहेरचा पत्ता लावायचा. जोडी पक्की, बदलत नाही. ह्याला स्टॅटिक नॅट म्हणतात. बाकीची मशीन्स बिचारी सगळी मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात.

मी हे पाठ केलं होतं, खरं सांगायचं तर. समजलं ते ट्रेनमध्ये. मावशी थालीपीठ मोडता मोडता म्हणाली, “अगं, ही तर मोठ्या साहेबांची डायरेक्ट लाइन. दोनशे जण बारा लाइनींवर भांडायचे, पण साहेबांचा नंबर वेगळा. बाहेरून तो फिरवला की घंटी साहेबांच्याच टेबलावर. साहेबांनी बाहेर लावला तरी तीच लाइन.” मला हे आमच्या पुस्तकाच्या चाळीस पानांत कळलं नव्हतं.

मग इतकं कळतंय तर दोनदा नापास कशी? तेच तर! दोन्ही वेळा तिने नियम बरोबर लिहिला होता. मग स्वतःच्या टेबलावरच्या मशीनवरून बाहेरचा पत्ता टाकून पान उघडून बघितलं. उघडलं नाही. हिला वाटलं चुकलं. पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं, वेळ संपली. आम्ही सगळे तसंच तपासत होतो. मी पास झाले कारण मी तपासलंच नाही, आळस केला आणि हात वर केला. हे मावशीला आजवर सांगितलं नव्हतं, आता वाचेल.

काल दहा वाजता परीक्षा. मी माझं दुसरं प्रॅक्टिकल संपवत बसले होते. आमचे सर रेवी, कधी चिडत नाहीत, त्यांनी किया ओरा, म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणून कागद दिला, एक तास. मावशीने आधी पेन्सिलने पत्त्यांचे शेवटचे आकडे लिहिले: आतला पन्नास, बाहेरचा दहा. बोर्डावर यादी लावायची ना, तशी. मग फायरवॉलमध्ये जोडी लिहिली, कोणाला आत सोडायचं त्याची परवानगी लिहिली, आणि पुन्हा तेच केलं. स्वतःच्या मशीनवरून उघडून बघितलं.

नाही उघडलं.

तिने ओळ निवडली, बोट डिलीटवर. आणि तिथेच थांबली. मग ती उठली आणि सरांकडे जाऊन हळूच विचारलं, बाहेरून तपासायला काही आहे का.

सर म्हणाले, आहे ना, मागच्या टेबलावरचा लॅपटॉप बाहेरच्या लाइनवरच आहे. वर्षभर तो लॅपटॉप तिथे होता! आम्हाला वाटायचं तो सरांचा मार्क भरायचा लॅपटॉप आहे. विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

तिला का सुचलं, ते तिने नंतर सांगितलं. कारखान्यात डायरेक्ट लाइनची तक्रार आली की ती बोर्डावरून तपासायची नाही, आतून लागलं नाही तर त्यावरून काही कळत नाही. रस्ता ओलांडून समोरच्या पीसीओत जायची आणि तिथून साहेबांचा नंबर फिरवायची. अठरा वर्षं तेच केलं होतं, आणि इथे येऊन, आतल्याच मशीनवरून तपासताना, विसरली होती.

लॅपटॉपवरूनही पान उघडलं नाही. मी मान खाली घातली. मावशी मात्र धावत, खरंच धावत, टेबलावर आली आणि फायरवॉलची नोंदवही उघडली, जिथे आलेलं-गेलेलं सगळं दिसतं. तिथे स्पष्ट होतं: बाहेरून आलेल्या माणसाला पन्नासकडे वळवलं, पण परवानगी नाही म्हणून परत पाठवलं. म्हणजे जोडी बरोबर! पुसायचं काहीच नव्हतं. परवानगीत तिने बाहेरचा नंबर लिहिला होता, दहा, आणि आमचा फायरवॉल आधी दहाचं पन्नास करतो, परवानगी मग बघतो.

मावशी स्वतःशीच पुटपुटली, “फोन बोर्डावर आला की एक्स्टेंशन बघायचं, लीला.” दहा खोडून पन्नास केलं. मागच्या टेबलापर्यंत चालत गेली, ह्या वेळी सावकाश, पदर नव्हता म्हणून कार्डिगन नीट करत.

पान उघडलं.

सरांनी स्वतः एकदा उघडून बघितलं, घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं शिल्लक, आणि सही केली. मग विचारलं, ह्या वेळी पुसलं का नाहीस? मावशी म्हणाली की अठरा वर्षांत मी एकही चालू लाइन तोडली नव्हती, मागच्या दोन परीक्षांत दोन तोडल्या. सर हसले आणि स्वीट अ‍ॅज म्हणाले, म्हणजे इथल्या भाषेत ‘एकदम मस्त’. मी रडत होते, त्यात काही नवीन नाही.

कॉरिडॉरमध्ये तिने आधी स्वरदाला मेसेज केला. उत्तर लगेच आलं, सोमवारपासून ये. मग तिने डेपोत काकांना फोन लावला. मला वाटलं ओरडेल, रडेल. तिने घसा साफ केला, आणि तो आवाज लागला, तोच, बोर्डासमोरचा.

“नमस्कार, हेल्पडेस्कमधून लीला बोलतेय. बोला.”

पलीकडे काका ड्रायव्हरांना ओरडून सांगत सुटले. मग मागे कुठल्यातरी बसचा हॉर्न वाजला, मग दुसऱ्या बसचा, मग बहुतेक सगळ्याच.